स्नायूंचा दाह : बायोप्सीआधी स्टिरॉइड सुरू करावे का?

निळीशाई

माझ्या आईचे वय ५४ असून ती कराडजवळच्या गावी असते. गेल्या पावसाळ्यापासून तिला जमिनीवरून उठणे जड जाऊ लागले. मांडी घालून बसली की उठताना ती आधी एका कुशीवर झुकते, दोन्ही हात जमिनीवर टेकते, मग गुडघ्यांवर आणि शेवटी मांड्यांवर हात रोवत रोवत सरळ होते. दांडीवर कपडे टाकताना हात वर टिकत नाहीत आणि एसटीची पहिली पायरी मागून कोणी आधार दिल्याखेरीज चढता येत नाही. दुखणे असे फारसे नाही, त्यामुळे घरात सर्वांनीच हे वयावर आणि गुडघ्यांवर ढकलले.

रक्ततपासणीत एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले निघाले, म्हणून यकृताचा आजार समजून काही महिने औषधे चालली. सोनोग्राफी स्वच्छ होती, कावीळ नव्हती, तरी आकडे उतरेनात. अखेर एका नव्या डॉक्टरांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) करून घेतले आणि ते ४,८०० आले. प्रयोगशाळेने दिलेली वरची मर्यादा १७० आहे. आता कागदावर 'पॉलिमायोसायटिस' (अनेक स्नायूंचा दाह) असे लिहून रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे. पुण्यातील संधिवाततज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे आणि त्यांच्याकडून असा निरोप आला की, जमत असेल तर तोवर स्टिरॉइड सुरू करू नका, कदाचित बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणी, करावी लागेल.

एक डॉक्टर म्हणतात उशीर नको, दुसरे म्हणतात थांबा. आईचे वजन ६० किलो आहे आणि तिला मधुमेह नाही. ज्यांना या आजाराचा अनुभव आहे किंवा ज्यांचा हा विषय आहे, त्यांनी कृपया सांगावे की थांबल्याने नेमके काय हाती लागते आणि काय धोक्यात येते.

सांधेदुरुस्ती

मी संधिवाततज्ज्ञ आहे, तरी येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणूनच घ्यावे. आईंना प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टर सांगतील ते प्रमाण.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची मक्तेदारी नाही. ही विकरे स्नायूंमध्येही असतात आणि स्नायूंच्या पेशी फुटू लागल्या की रक्तात उतरतात. जीजीटी (स्नायूंशी संबंध नसलेले यकृताचे विकर) केलेले असेल तर अहवालात शोधा. ते नॉर्मल असून सीपीके असे चढलेले असेल तर यकृताला मोकळे सोडायला हरकत नाही. आपल्याकडे स्नायूदाहाचे किती तरी रुग्ण आधी पोटविकारतज्ज्ञांकडे महिनोन्महिने फिरून येतात.

आता थांबण्याबद्दल. आईंना घास गिळताना अडकतो का, पाणी पिताना नाकातून परत येते का, उशीवरून मान उचलता येते का, आणि बोलताना किंवा चार पावले चालताना धाप लागते का, हे आजच विचारा. गिळण्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर आठवडाभर थांबायचे नाही. दाखल करून एकीकडे तपासण्या आणि दुसरीकडे उपचार असे एकदमच चालवावे लागते. तसे काही नसेल तर महिनोन्महिने चाललेल्या आजारात एका आठवड्याने फार बिघडत नाही, आणि मिळते ते मोलाचे असते. स्टिरॉइडने दाह ओसरू लागतो, एमआरआयमधली सूज फिकी पडते आणि बायोप्सीतील पेशींची गर्दी विरळ होते. दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनी सगळेच पुसले जात नाही, पण काही आठवड्यांनंतर 'औषधाने बरे वाटले, पण नेमके काय होते ते कळले नाही' अशी स्थिती येते. पुढे आजार उलटला की हीच अज्ञानाची किंमत मोजावी लागते.

आणखी काही विचारतो. कोरडा खोकला आहे का? हातांची त्वचा कशी आहे? पापण्यांवर, गळ्याखाली किंवा बोटांच्या सांध्यांवर डाग आहेत का? कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? थायरॉइड तपासले आहे का? एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची चाचणी) झाले असेल तर अहवालाचा केवळ निष्कर्ष न लिहिता त्यातील प्रत्येक ओळ येथे उतरवा.

काढाप्रेमी

कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीत, पण स्टिरॉइडचे नाव निघाले की मला धडकी भरते. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, अश्वगंधा आणि स्पिरुलिना यांचा विचार आधी करून पाहावा, असे सुचवतो.

उन्हाची_वैरीण

काढाप्रेमी, आपला हेतू चांगला आहे हे मान्य करून सांगते की, या आजारात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तर ती स्वतःच्याच स्नायूंवर चालून आलेली असते. तिला आणखी चेतवणारे पदार्थ येथे उलटे पडू शकतात. स्पिरुलिना घेतल्यावर डर्माटोमायोसायटिस (त्वचेवरही खुणा उमटणारा स्नायूदाह) नव्याने उद्भवल्याच्या किंवा उफाळल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. मला स्वतःला हा आजार आहे आणि माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत घरातल्या साऱ्या पूरकांच्या डब्या टेबलावर मांडायला लावल्या होत्या.

मज्जारज्जू

मी न्यूरोलॉजिस्ट आहे आणि सांधेदुरुस्तींच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, मात्र माझी भूमिका त्यांच्यापेक्षा कडक आहे. त्वचेवर खूण नसलेला, केवळ दुर्बलता आणि वाढलेले सीपीके असलेला प्रत्येक प्रौढ रुग्ण बायोप्सीशिवाय 'पॉलिमायोसायटिस' म्हणून स्टिरॉइडवर टाकणे मला पटत नाही. हे नाव पूर्वी सढळ हाताने दिले जाई. आज त्यातून अँटिसिंथेटेज सिंड्रोम (फुप्फुसांनाही ग्रासणारा), नेक्रोटायझिंग मायोपथी (स्नायूपेशी मरत जाणारा आजार) आणि इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस (उतारवयातील, स्टिरॉइडला दाद न देणारा) वेगळे काढले की खरे पॉलिमायोसायटिस फारच थोडे उरते.

याहून मोठी अडचण आनुवंशिक आजारांची. डिस्फर्लिन या प्रथिनाच्या दोषात विशीतला तरुण माणूस येतो, सीपीके हजारांत असते आणि बायोप्सीत दाहाच्या पेशीही दिसू शकतात. त्यामुळे वर्षानुवर्षे स्टिरॉइड खाल्लेले असे रुग्ण आम्हाला भेटतात. त्यांना टाचा उचलून चवड्यांवर उभे राहायला सांगितले की पोटऱ्यांची दुर्बलता उघडी पडते. दुसऱ्या टोकाला ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे मऊ झालेल्या बायका असतात. त्यांचेही उठणे-बसणे असेच अवघड होते, चाल बदकासारखी होते, पण सीपीके सहसा नॉर्मल आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असते. ४,८०० च्या सीपीकेमुळे ती शक्यता येथे मागे पडते. थायरॉइड मंदावल्यानेही सीपीके चढते, म्हणून टीएसएच पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ईएमजी (स्नायूंत सुई घालून त्यांचे विद्युत संकेत पाहणारी तपासणी) होणार असेल तर एक गोष्ट आवर्जून सांगावी. सुई एका बाजूच्या स्नायूंत घालावी आणि बायोप्सी दुसऱ्या बाजूची घ्यावी, कारण सुईने झालेली इजा सूक्ष्मदर्शकाखाली दाहासारखी दिसू शकते. सीपीकेचे रक्तही ईएमजीच्या आधी काढावे.

सांधेदुरुस्ती

मज्जारज्जू, तत्त्वतः मान्य. तरी 'प्रत्येक' या शब्दाला माझी हरकत आहे. १९७५ साली बोहान आणि पीटर यांनी निकष मांडले तेव्हा दुर्बलता, विकरे, ईएमजी, बायोप्सी आणि त्वचा एवढीच साधने होती, अँटिबॉडी त्यात नव्हत्या. युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी २०१७ साली मिळून केलेल्या निकषांत बायोप्सी असताना आणि नसताना अशी दोन्ही गुणपत्रके आहेत, आणि डर्माटोमायोसायटिसची ठसठशीत त्वचा असेल तर स्नायूचा तुकडा न काढताही वर्गीकरण होते. चित्र स्पष्ट असताना केवळ शास्त्रार्थासाठी सुरी चालवू नये.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. बायोप्सी करावी की नाही हे डॉक्टर मंडळी ठरवतील, मात्र करायची ठरल्यास तो तुकडा कशात घालून पाठवला जातो याकडे नातेवाइकांनीही लक्ष ठेवावे. शस्त्रक्रियागृहात सवयीने सगळे काही फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते. स्नायूचा तुकडा असा बाटलीत गेला की विकरांची रंजके त्यावर चालत नाहीत आणि निम्मी माहिती तेथेच संपते. सलाइनने जेमतेम ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, कोरड्या डबीत ठेवून, बर्फावर तो लवकरात लवकर पोहोचवायचा असतो. सलाइनमध्ये बुडवायचाही नाही, बर्फाला थेट टेकवायचाही नाही. प्रयोगशाळेत तो द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये क्षणात गोठवला जातो. सावकाश गोठला तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींना भोके पडल्यासारखी दिसतात. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी बायोप्सी घेऊन कुरिअरने पाठवण्यापेक्षा रुग्णालाच जेथे ही सोय आहे तेथे नेणे बरे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्नायूंच्या तपासणीचे मोठे काम चालते, आणि मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांतही ते होते.

आणखी एक सांगतो. अगदी वाळून गेलेल्या स्नायूचा तुकडा घेतला तर त्यात चरबी आणि तंतूंखेरीज काही सापडत नाही. दुर्बल असलेला, पण अजून जिवंत असलेला स्नायू निवडावा लागतो आणि त्यासाठी मांड्यांचा एमआरआय फार उपयोगी पडतो.

निवृत्त_बँकर

आयुष्यभर आकड्यांत वावरलो, तरी सीपीके हा आकडा निवृत्तीनंतरच भेटला. हृदयाची तक्रार म्हणून मला अॅटोर्वास्टॅटिन चालू होते. मांड्या गळू लागल्या तेव्हा सर्वांनी सांगितले की गोळी बंद करा, आपोआप बरे वाटेल. गोळी बंद केली, पण सीपीके वाढतच राहिले आणि जिना बंद झाला. शेवटी एचएमजीसीआर या विकराविरुद्धची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली.

डॉक्टरांनी मला समजावले ते असे. स्टॅटिनने होणारी नेहमीची स्नायुदुखी गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरते. हा आजार तसा नाही. स्टॅटिन ज्या विकराला अडवते त्याच्याविरुद्धच शरीर अँटिबॉडी तयार करते आणि गोळी थांबली तरी ते थांबत नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी हा संबंध २०१०-११ च्या सुमारास उलगडला. मला आयव्हीआयजीने (दात्यांच्या रक्तातील अँटिबॉडी शिरेतून देण्याच्या उपचाराने) फरक पडला. स्टॅटिन मात्र कायमचे वर्ज्य. तरी हे वाचून कोणी आपली हृदयाची गोळी परस्पर बंद करू नये. असा आजार लाखो गोळीकरांपैकी मोजक्यांनाच होतो.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. सांधेदुरुस्ती, आपल्या प्रश्नांची उत्तरे देते. गिळायला त्रास नाही, मान उचलता येते. टीएसएच नॉर्मल आहे, जीजीटीही नॉर्मल आहे. कोलेस्टेरॉलची गोळी नाही. चेहऱ्यावर किंवा गळ्यावर डाग नाहीत.

कोरडा खोकला आहे, पण तो धुळीचा म्हणून आम्ही फारसा मनावर घेतला नव्हता. जिना चढताना ती थांबते, ते पायांमुळे की दमामुळे हे मला आता सांगता येत नाही. हातांचे विचारलेत म्हणून तिला व्हिडिओ कॉलवर हात दाखवायला सांगितले. तर्जनीच्या अंगठ्याकडील कडेला आणि अंगठ्याच्या आतल्या कडेला त्वचा जाड, खरखरीत झाली असून तिला आडव्या काळपट भेगा पडल्या आहेत. भांडी, राख आणि उसाची पाती यांमुळे झाले असेल असे तिचे म्हणणे आहे. तळहात मात्र बराच मऊ आहे.

एएनएचा निष्कर्ष 'निगेटिव्ह' आहे. त्याखाली बारीक अक्षरांत 'सायटोप्लाझ्मिक स्पेकल्ड पॅटर्न आढळला' असे लिहिले आहे. याला काही अर्थ आहे का?

सांधेदुरुस्ती

फार मोठा अर्थ आहे. कामाने पडलेल्या भेगा साधारणतः जेथे घासले जाते तेथे, म्हणजे तळहातावरही असतात. केवळ तर्जनी आणि अंगठ्याच्या समोरासमोरच्या कडा अशा खरखरीत होणे याला आम्ही मेकॅनिकचे हात म्हणतो. अँटिसिंथेटेज सिंड्रोममध्ये ते दिसतात. ज्या प्रथिनांविरुद्ध या आजारात अँटिबॉडी बनतात ती पेशीच्या केंद्रकात नसून बाहेरच्या द्रवात असतात, म्हणून एएनएचा निष्कर्ष निगेटिव्ह येतो आणि पेशीद्रव तेवढा चमकतो. बरेच जण पहिली ओळ वाचून कागद मिटतात.

आता पुढच्या आठवड्याची वाट न पाहता छातीचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी) आणि फुप्फुसांची क्षमता तपासणारी चाचणी, त्यातही डीएलसीओसह (फुप्फुसांतून रक्तात वायू किती उतरतो त्याचे मोजमाप), करून घ्या, आणि मायोसायटिस अँटिबॉडींचे पॅनेल पाठवा. ईसीजीबरोबर ट्रोपोनिन करायचे झाल्यास ट्रोपोनिन-आय मागा. ट्रोपोनिन-टी हे आजारी हातापायांच्या स्नायूंमुळेही वाढू शकते आणि विनाकारण हृदयविकाराची भीती निर्माण होते.

मज्जारज्जू

खोकला आणि हातांचे वर्णन वाचून माझा कलही तिकडेच जातो. पॅनेलबद्दल एक सावधगिरी सुचवतो. लाइन ब्लॉट पट्टीवर एखादी पुसट रेघ उमटली की अहवालात 'वीक पॉझिटिव्ह' असे येते आणि लोक त्या रेघेवर उपचार सुरू करतात. ती रेघ रुग्णाच्या लक्षणांशी आणि एएनएच्या नमुन्याशी जुळते का हे पाहिल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नये.

घाटमाथा

माझ्या वडिलांची हकिकत येथे नोंदवतो, कारण 'पॉलिमायोसायटिस' हे नाव त्यांनाही मिळाले होते. वय साठीच्या पुढे. चालताना गुडघा अचानक मुडपून ते पडत. बादलीची कडी बोटांतून निसटायची, किल्ली कुलपात फिरत नसे, पंचा पिळता येत नसे. तरी सगळ्यांचे लक्ष मांड्यांवरच राहिले. स्टिरॉइडने सीपीके थोडे उतरले, त्यामुळे उपचार लागू पडत आहेत असे सर्वांना वाटत राहिले, पण ताकद मात्र घसरतच होती. साखर वाढली, चेहरा सुजला, मणक्याचे हाड दबले. नंतर दुसऱ्या ठिकाणी झालेल्या बायोप्सीत स्नायूपेशींमध्ये कडा असलेल्या पोकळ्या दिसल्या आणि इन्क्लुजन बॉडी मायोसायटिस असे निदान झाले. या प्रकाराला स्टिरॉइड लागू पडत नाही आणि आजही त्याची गती थांबवणारे खात्रीचे औषध नाही. आता व्यायाम, गुडघ्याचा पट्टा, उंच खुर्ची आणि गिळण्याची काळजी यांवर भर आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, पन्नाशीपुढच्या माणसाची बोटे मुठीत आवळायला सांगून पाहावीत. नखे तळहातात लपत नसतील तर डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

पाटाचे_पाणी

वाचनखूण साठवली. काल रात्रीपासून घरातील तीन जणांनी मुठी आवळून पाहिल्या आहेत आणि चौथ्याला खुर्चीवरून हात न लावता उठवले आहे. सर्व उत्तीर्ण.

उन्हाची_वैरीण

माझ्या आजाराची सुरुवात स्नायूंपासून झाली नाही, म्हणून लिहिते. पापण्यांवर काळपट झाक आली आणि बोटांच्या पेरांवर खडबडीत उंचवटे आले. पुस्तकातील चित्रांत पापण्या जांभळ्या दाखवतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तो रंग तपकिरी किंवा राखाडी दिसतो आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे समजून लोक क्रीम लावत बसतात. नखांच्या मुळाशी बारीक लाल रेषा दिसतात, त्या तर भिंगानेच पाहाव्या लागतात. माझे सीपीके तेव्हा नॉर्मल होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुहानी भटनागर ही अवघ्या १९ वर्षांची अभिनेत्री दिल्लीच्या एम्समध्ये या आजाराने गेली, तेव्हा मला नातेवाइकांचे इतके फोन आले की मीच त्यांना धीर देत होते. तेव्हा सगळीकडे 'दुर्मीळ त्वचारोग' असे छापून आले. या आजारात जीव धोक्यात येतो तो बहुधा फुप्फुसांमुळे, संसर्गामुळे किंवा मागे दडलेल्या कर्करोगामुळे, हे फार थोड्यांनी सांगितले.

कर्करोगाचे नाव काढले की घरचे दचकतात, पण प्रौढ वयात डर्माटोमायोसायटिस झाला तर तो शोध घ्यावाच लागतो, विशेषतः टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ अँटिबॉडी असताना. निदानाच्या आधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षे जोखमीची मानतात. माझे छाती-पोटाचे सीटी, मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी झाली. सुदैवाने काही निघाले नाही.

सांधेदुरुस्ती

उत्तम लिहिलेत. एक पुस्ती जोडतो. याच आजाराच्या एमडीए-५ अँटिबॉडी असलेल्या रुग्णांत स्नायू जवळपास शाबूत असतात, सीपीके फारसे हलत नाही, तळहातावर दुखरे उंचवटे किंवा व्रण येतात आणि फुप्फुस काही आठवड्यांत झपाट्याने निकामी होऊ शकते. तेथे पायरीपायरीने औषध वाढवत बसायला वेळ नसतो. स्टिरॉइडबरोबर टॅक्रोलिमस, सायक्लोफॉस्फामाइड किंवा टोफासिटिनिब यांसारखी औषधे सुरुवातीलाच एकत्र द्यावी लागतात. थांबावे की नाही या मूळ प्रश्नाला तेथे उत्तर एकच आहे.

चिऊची_आई

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी डर्माटोमायोसायटिस झाला. लहान मुलांमध्ये कर्करोगाचा शोध सहसा घेत नाहीत, हे सांगते म्हणजे कोणी आईबाप रात्री जागणार नाहीत. त्यांच्यात कातडीखाली चुन्याच्या गाठी होण्याचा त्रास अधिक असतो आणि उपचार उशिरा किंवा अपुरे झाले तर त्या वाढतात. आमच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडबरोबरच पहिल्या दिवसापासून मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुरू केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १३९ मुलांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत एकट्या स्टिरॉइडपेक्षा हे जोडऔषध सरस ठरले होते, असे त्यांनी सांगितले.

मेथोट्रेक्सेटबद्दल कळकळीने सांगते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. गावाकडे आजी-आजोबांच्या हाती औषधे गेली की 'रोज एक' असे होऊ शकते आणि ते जिवावर बेतते. आम्ही गोळीचा वार ठरवला आहे, तो कॅलेंडरवर लाल शाईने लिहितो आणि फॉलिक अॅसिडची डबी वेगळ्या कपाटात ठेवतो.

उत्तरध्रुव

मी स्टॉकहोममध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. या आजारात पूर्ण विश्रांती घ्यावी, व्यायामाने स्नायू आणखी फुटतील, असे पूर्वी मानत आणि आपल्याकडे अजूनही सांगतात. येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील हेलेने अलेक्झांडरसन आणि इन्ग्रिड लुंडबर्ग यांनी गेल्या काही दशकांत केलेल्या कामातून उलट दिसले आहे. देखरेखीखालील व्यायामाने दाह वाढत नाही, ताकद आणि दमसास मात्र सुधारतात. आजार जोरात असताना सांधे हलते ठेवणे आणि हलका व्यायाम, आणि औषध लागू पडू लागले की हळूहळू भार वाढवणे, असा क्रम ठेवतात. निळीशाई, आईंसाठी आजच करता येईल असे म्हणजे बसण्याची जागा उंच करणे. पाट आणि जमीन काही काळ बाजूला ठेवा, शौचालयात खुर्ची बसवा, आणि खुर्चीवरून उठण्याचा सराव उशी घालून उंच केलेल्या बैठकीवरून सुरू करा.

निळीशाई

अहवाल आले. पॅनेलमध्ये अँटी-जो-१ ठळक पॉझिटिव्ह आहे, पुसट नव्हे. एचआरसीटीमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी दाह दिसतो आणि डीएलसीओ कमी आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी अँटिसिंथेटेज सिंड्रोम असे निदान करून बायोप्सीची गरज नाही, असे सांगितले. मांड्यांच्या एमआरआयमध्ये सूज आहे. प्रेडनिसोलोन सुरू झाले असून सोबत मायकोफेनोलेट आहे. फुप्फुसांचा भाग असल्यामुळे मेथोट्रेक्सेटऐवजी हे निवडले, असे ते म्हणाले. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि को-ट्रायमॉक्साझोल हेही आहे. शेवटची गोळी कशासाठी, हे विचारायचे राहून गेले.

सीपीके किती दिवसांनी पुन्हा करावे? वडील दर आठवड्याला करू या म्हणत आहेत.

सांधेदुरुस्ती

को-ट्रायमॉक्साझोल ही न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून दिली असावी. स्टिरॉइडचा मोठा डोस, दुसरे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि आधीच दुखावलेले फुप्फुस असे तिन्ही एकत्र आले की ती देतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर लगेच कळवा.

वडिलांना सांगा की सीपीके हा शेअर बाजाराचा निर्देशांक नव्हे, रोज उघडून पाहण्यासारखा. तो आधी उतरतो आणि ताकद काही आठवड्यांपासून महिन्यांपर्यंत मागून येते. डॉक्टर सांगतील त्या अंतराने तो करावा आणि घरी त्याऐवजी आई किती उंचीच्या बैठकीवरून हात न लावता उठतात हे लिहून ठेवावे. पुढे कधी सीपीके नॉर्मल असून मांड्या पुन्हा गळू लागल्या, तर आजार उलटला की स्टिरॉइडमुळेच स्नायू झिजले हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी डोस वाढवण्याआधी विचार करावा लागतो. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र कधीही करू नये.

मज्जारज्जू

या रुग्णाच्या बाबतीत बायोप्सी टाळली हे योग्यच झाले. एक अट मात्र नोंदवून ठेवतो : पुरेशा डोसवर तीन-चार महिन्यांत ताकद वाढली नाही, तर निदानाचा कागद पुन्हा उघडावा आणि तेव्हा बायोप्सीला नकार देऊ नये.

घाटमाथा

आणि या औषधांनी भागले नाही तर? आयव्हीआयजी आणि रिटुक्सिमॅब यांची नावे ऐकतो, त्यांचा खर्च आमच्यासारख्यांना झेपणारा नसतो.

सांधेदुरुस्ती

आयव्हीआयजीचा पुरावा डर्माटोमायोसायटिसमध्ये सर्वांत भक्कम आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ९५ रुग्णांच्या चाचणीत सोळाव्या आठवड्याला ७९ टक्के रुग्णांना फरक पडला, प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस) गटात ४४ टक्के. डोस दर चार आठवड्यांनी किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला एका फेरीत १२० ग्रॅम. पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. खर्च कोठून येतो ते यावरून कळेल. रिटुक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची फळी घटवणारे औषध) याची २०० रुग्णांची मोठी चाचणी २०१३ साली आली. तिचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही, पण हट्टी आजाराच्या रुग्णांपैकी ८३ टक्के पुढे सुधारले, आणि जो-१ अँटिबॉडी असलेल्यांना त्याचा लाभ अधिक होतो. त्यामुळे येथे तो पर्याय राखून ठेवता येईल. जर्मनीतील एर्लांगेन येथे २०२३ साली अशाच एका हट्टी रुग्णावर कार-टी पेशींचा (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याचा) उपचार यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे, पण ते सध्या आपल्या दवाखान्यापासून दूर आहे.

सरकारी योजनेत यांतील नेमके काय बसते हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला लेखी विचारावे.

पाटाचे_पाणी

अशी औषधे सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी करतात का? आमच्या शेजारच्या काकांना संधिवाताच्या औषधांवर असताना क्षय उलटला होता.

सांधेदुरुस्ती

करावीच. छातीचा फोटो किंवा सीटी आणि क्षयाची रक्त किंवा त्वचा चाचणी आधी व्हावी, आणि हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीही तपासावे. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी पाहिले नाही तर दबून बसलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी घेता येतात, जिवंत विषाणूंच्या लसी मात्र या काळात चालत नाहीत. निळीशाई, आईंच्या फाइलमध्ये हे अहवाल आहेत का ते पाहा. नसतील तर पुढच्या भेटीच्या आधीच करून न्या.